कोरा रकाना

पेइप्सी सरोवराच्या काठी, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात
मी तार्तूहून प्रश्नावली घेऊन गेले.
बेचाळीस विधानं, प्रत्येकाला एक ते सात गुण.
"निर्णय घेताना मी सर्व पर्याय तपासतो."
"अनिश्चितता मला अस्वस्थ करते."
अवेर्कीने चष्मा लावला, कागद उलटा करून पाहिला,
मागची बाजू कोरी आहे म्हणून खूश झाला
आणि तिच्यावर कांद्याचा हिशेब मांडला.

एकसष्ट हिवाळे तो या बर्फावर चालतोय.
गाव म्हणतं, त्याला बर्फ कळतो.
मी म्हटलं, कसा?
तो म्हणाला, चल.

दारात त्याने दोन बोटांनी क्रूस केला.
पुढे तो, हातात लोखंडी टोकाची काठी,
मधे भावाचा नातू तिमोफेई, स्लेज ओढत,
मागे मी आणि माझी पेन्सिल.
टक्. दोन पावलं. टक्.
चांगला बर्फ उत्तर देतो, तो म्हणाला.
वाईट बर्फ
तुझं म्हणणं मान्य करतो.

मी लिहून घेतलं. बोटं गारठलेली, अक्षर वाकडं.
आणि जाडी?
जाडी जानेवारीत विचारायची.
मार्चात जाडीही खोटं बोलते,
दीड वीत भरते आणि आतून सुतळ्यांची जुडी,
पाय पडला की सुटी.

समोर काळे ठिपके: पलीकडच्या गावचे लोक
भोकं पाडून मासे काढत होते.
त्यांचं हसणं ऐकू येईल इतके जवळ.
अवेर्की थांबला. टक्. ऐकलं.
मग वळून पोराच्या तोंडाकडे पाहिलं,
बर्फाकडे पाहतो तसंच,
आणि म्हणाला, घरी.

तिमोफेई ओरडला. मनातल्या मनात मीही.
ते उभे आहेत की तिथे!
आहेत, म्हातारा म्हणाला आणि चालू लागला.
संध्याकाळी ते लोक परतले,
दोन पोती मासे घेऊन, गात.
कोणी बुडलं नाही. कुठे तडा गेला नाही.

समोवारजवळ मी विचारलं, चुकलात का?
साखरेचा खडा दातांत धरून
तो बराच वेळ नुसता चहा पीत राहिला.
बर्फ चांगला होता, म्हणाला.
पोरगा चांगला नव्हता.
सकाळी बापाशी भांडून आला होता.
रागातला माणूस पाय आपटत चालतो
आणि कान घरी ठेवून येतो.
काल गेलो असतो. उद्या जाईन बहुतेक.
बर्फ काय, काठी असली की कोणालाही कळतो.

रात्री मी तक्ता काढून बसले.
पोरगा वाचला का? वाचण्यासारखं काही घडलंच नाही.
बुडाले ते मासे, आणि ते मोजता येतात:
दोन पोती.
न घडलेल्या गोष्टीला माझ्याकडे रकाना नव्हता,
आणि बेचाळीस विधानांत एकही विचारत नव्हतं
की तुमच्या शेजारून कोण चालतंय.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकवलं होतं:
तारतम्य म्हणजे योग्य वेळी, योग्य माणसाशी, योग्य तेवढं.
परीक्षेत मी ते लिहिलं, पैकीच्या पैकी मिळाले.
किती ऐटीत बसला होता तिथे "योग्य" हा शब्द,
कधीच ओल्या न झालेल्या बुटासारखा.

निघताना त्याने कांद्यांची वेणी दिली.
एक कांदा अंगठ्याने दाबून म्हणाला,
हा मऊ झालाय, आधी हा खा.

बसभर कांद्याचा वास. कोटाच्या खिशात
बहिणीला लिहिलेलं पत्र, बाबांच्या घराबद्दल.
एकूण एक वाक्य खरं, तारखांसकट,
नऊ पानं. जाडी भरपूर.
स्टँडवरच्या टपालपेटीपाशी थांबले.
पेन्सिलीने पाकिटावर टक् केलं.
त्याने लगेच
माझं म्हणणं मान्य केलं.